एका जहाजाचे पाच आकडे: व्यापाराची आकडेवारी देणारी पोर्टले, गोव्याच्या कामाला लावून पाहताना

बँकेला दिलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टात निर्यातीचा एक आकडा, चेंबरच्या सादरीकरणात दुसरा आणि पेपरात तिसराच. मग वाद सुरू होतो, खोटे कोण बोलतोय? बहुतेक वेळा कोणीच नाही. प्रत्येकाने आपापल्या खिडकीवरून आकडा आणलेला असतो आणि खिडकीवरची बारीक अक्षरांतली पाटी कोणी वाचलेली नसते.

इथे पाच खिडक्या तपासल्या आहेत: मुरगाव बंदराची आकडेवारी, वाणिज्य मंत्रालयाचे ट्रेडस्टॅट, त्याच मंत्रालयाचे ‘निर्यात’ पोर्टल, संयुक्त राष्ट्रांचे कॉमट्रेड आणि जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचा ट्रेड मॅप. लोहखनिज, औषधे, मासळी आणि काजू हा आपला माल शोधताना कोणती खिडकी नेमके काय मोजते आणि ते किती सरळ सांगते, एवढीच कसोटी लावली आहे.

आधी एक जहाज घेऊ. यातले आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. मुरगावात ७०,००० टन खनिज चढले. हे वजन ड्राफ्ट सर्व्हेचे, म्हणजे जहाज पाण्यात किती बसले त्यावरून काढलेले, आणि ओल्या मालाचे. ओलावा ८ टक्के धरला तर कोरडा माल ६४,४०० टन उरतो, आणि खरेदीदार पैसे मोजतो ते कोरड्या टनाला. कोरड्या टनाला ६० डॉलर एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत, पुढचे भाडे-विमा सोडून) धरले तर बिल झाले ३८ लाख ६४ हजार डॉलर. शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातदार कस्टम्सला देतो त्या कागदावर, हा एफओबी आकडा जातो आणि भारताची निर्यात म्हणून तोच मोजला जातो. जहाजाचे भाडे ओल्या टनाला १५ डॉलर धरले तर आणखी १० लाख ५० हजार. चीनमध्ये आयात सीआयएफने नोंदतात, म्हणजे भाडे आणि विमा धरून. विमा सोडून दिला तरी तिथल्या कस्टम्सच्या वहीत हा माल ४९ लाख १४ हजार डॉलरचा झाला. माल तोच, फरक २७ टक्क्यांचा.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी अशा तुलनेसाठी एफओबी आणि सीआयएफ यांत पूर्वी सरसकट १० टक्के फरक धरत असे, नंतर तो ६ टक्के केला. सगळ्या मालाच्या सरासरीला हे ठीक आहे. खनिजाला ते लावले की हिशेब फसतो, कारण माल स्वस्त आणि जड, भाड्याचा वाटा मोठा. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांतून गेलेल्या गोळ्यांच्या पेटीत उलट: माल महाग, वजन नगण्य, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे बरेच जवळ येतात. एकच टक्केवारी सगळीकडे फिरवणाऱ्या अहवालावर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

त्याच जहाजाचा ग्रेड, म्हणजे मालात लोह किती टक्के, ते बघा. करार कोरड्या वजनावर, लोह ६० टक्के. ओल्या वजनावर मोजले तर ६० गुणिले ०.९२, म्हणजे ५५.२ टक्के. शुल्कासाठी लोहाचे प्रमाण ओल्या मालावर काढायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा एक निवाडा आहे. मार्च २०१६ पासून ५८ टक्क्यांखालच्या मालाला निर्यात शुल्क माफ झाले, आणि ही ५८ ची रेषा या दोन आकड्यांच्या बरोबर मधून जाते. मग एका तक्त्यात हा माल वरच्या ग्रेडचा आणि दुसऱ्यात खालच्या ग्रेडचा दिसला, तर त्यात नवल नाही. (मे ते नोव्हेंबर २०२२ या काळात सगळ्याच ग्रेडवर ५० टक्के शुल्क होते. ते महिने तुलनेला घेतले तर आलेखातला खड्डा बाजारामुळे पडला की शुल्कामुळे, हे आधी वेगळे करा.)

तारखेचे लफडे वेगळेच. २६ मार्चला सुटलेले जहाज भारताच्या मार्चमध्ये धरले जाते. चीनला पोहोचायला पंधरा-अठरा दिवस, वर बंदराबाहेर नांगर टाकून थांबावे लागले तर ते दिवस. चीनच्या आकड्यात ते एप्रिलमध्ये येणार. आपल्या हिशेबाने आर्थिक वर्ष बदलले, त्यांच्या हिशेबाने काहीच बदलले नाही, कारण त्यांचे वर्ष जानेवारीत सुरू होते. भारताच्या २०२३-२४ शेजारी कॉमट्रेडचे २०२३ ठेवून ‘तफावत’ दाखवणारी स्लाइड ही या धंद्यातली सर्वांत जुनी चूक आहे.

आता खिडक्या.

मुरगाव बंदर. वजनासाठी उत्तम, किमतीसाठी निरुपयोगी, कारण इथे किंमत नसतेच. टनांचा आकडा लवकर मिळतो आणि तो प्रत्यक्ष चढलेल्या मालाचा असतो. पण ‘बंदराची वाहतूक’ आणि ‘गोव्याची निर्यात’ या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि गोव्यातच हे सर्वांत जास्त विसरले जाते.

बंदराच्या एकूण आकड्यात किनारी वाहतूकही असते. भारतातल्याच दुसऱ्या बंदराला गेलेले खनिज किंवा पेलेट (खनिजाच्या भाजलेल्या गोळ्या) ही निर्यात नाही. तक्त्यात ‘ओव्हरसीज’ आणि ‘कोस्टल’ हे रकाने वेगळे पाहावे लागतात. दुसरे, मांडवीच्या तोंडाशी ट्रान्सशिपरमधून (बार्जमधला माल मोठ्या जहाजात चढवणारे जहाज) भरलेली जहाजे पणजी बंदराच्या खात्यात जातात. ते राज्याच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडचे छोटे बंदर, मुरगाव हे केंद्राचे मोठे बंदर. नुसता मुरगावचा आकडा घेतला तर खाणींच्या भराच्या वर्षांतली गोव्याची निर्यात सरळ कमी दिसते. तिसरे, मुरगावातून गेलेले सगळे खनिज गोव्याच्या मातीतले नव्हते. कर्नाटकाने २०१० मध्ये निर्यात बंद करेपर्यंत होस्पेट-बळ्ळारीचा माल रेल्वेने इथे येत होता. म्हणूनच गोवा मिनरल ओअर एक्स्पोर्टर्स असोसिएशनच्या तक्त्यांत गोव्याचा आणि गोव्याबाहेरचा माल वेगळा दाखवलेला असतो. जुन्या वर्षांसाठी ते तक्ते बंदराच्या आकड्यापेक्षा जास्त कामाचे आहेत.

आयातीत हेच उलटे. मुरगावात उतरणारा कोळसा बंदराच्या आयातीत दिसतो, पण त्याचा मोठा भाग घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांत जातो. त्यावरून ‘गोवा एवढा कोळसा आयात करतो’ असे वाक्य लिहू नये.

आणखी एक खबरदारी. खाण खात्याचा आकडा, नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोचे उत्पादन आणि बंदराची चढाई हे तिन्ही टनांत असले तरी एकमेकांशी जुळणार नाहीत. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. पुढे फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा थांबले. अशा काळात नवे उत्खनन शून्य असतानाही, आधी काढून ठेवलेल्या आणि लिलावात गेलेल्या मालाची जहाजे सुटत राहतात. उत्पादन शून्य आणि निर्यात मात्र आहे, यात घोटाळा शोधण्याआधी साठा पाहावा.

बंदराला पाचपैकी साडेतीन. स्पष्टपणा आहे, फक्त रकाने नीट वाचायची तयारी हवी.

ट्रेडस्टॅट. रोजच्या कामाला हेच. आकडे कोलकात्याच्या डीजीसीआयएसचे (वाणिज्य मंत्रालयाची व्यापाराची आकडेवारी ठेवणारी संस्था), म्हणजे कस्टम्सच्या शिपिंग बिलांवरून आणि बिल ऑफ एंट्रीवरून (आयातीचा तसाच कागद) गोळा झालेले. मालाच्या दोन, चार, सहा आणि आठ आकडी कस्टम्स कोडवर शोधता येते, देशनिहाय मिळते, रुपयांत आणि डॉलरमध्येही मिळते. लोहखनिज २६०१, औषधे ३००४, सालासकट काजू बी ०८०१३१, काजूगर ०८०१३२.

तक्त्याच्या डोक्यावरचे एकक पहिल्यांदा वाचा. मूल्य मिलियन डॉलरमध्ये आणि प्रमाण हजारांत असते. २५० टन असे वाटते आणि ते असतात अडीच लाख. दशांशानंतर दोनच आकडे असल्याने ५,००० डॉलरखालची खेप ०.०० दिसते, माल गेलाच नाही असे समजू नका. रुपयांतली वाढ आणि डॉलरमधली वाढ वेगळी येते, कारण मध्ये विनिमय दर बसलेला आहे. बाहेरच्या स्रोताशी ताळा करताना नेहमी डॉलरचा तक्ता घ्या.

सर्वांत फसवी जागा म्हणजे २०२१-२२ हे वर्ष. जागतिक कस्टम्स संघटनेची नवी कोडव्यवस्था, एचएस २०२२, एक जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि आपला कस्टम्स टॅरिफही त्याच दिवशी बदलला. आपले आर्थिक वर्ष तेव्हा निम्म्याच्या पुढे गेले होते. ज्या मालाचा कोड बदलला, त्याचा जुन्या कोडखाली नऊ महिन्यांचा आणि नव्याखाली तीन महिन्यांचा आकडा पडतो. माणसांसाठीची लस ३००२२० वरून ३००२४१ वर गेली. फक्त जुना कोड पाहणाऱ्याला निर्यात कोसळलेली दिसते, फक्त नवा पाहणाऱ्याला ती आभाळातून पडलेली दिसते. दोन्ही कोड काढून बेरीज करणे, एवढाच उपाय. औषधांचा नेहमीचा ३००४९० हा मोठा कोड टिकून आहे, म्हणून वेर्णा-कुंकळ्ळीकडच्या बहुतेकांना याचा त्रास होत नाही.

काजूवाल्यांनी एक पाहावे. भाजलेला, खारवलेला काजू शून्य-आठ प्रकरणात (कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण) नसतो, तो २००८१९ खाली जातो. ‘काजूची निर्यात’ म्हणून फक्त ०८०१३२ काढले तर मसाला काजूचे डबे हिशेबातून सुटले. मासळीचेही तसेच. प्रकरण ०३ म्हणजे ताजी, गोठवलेली, सुकवलेली. डबाबंद आणि शिजवलेली १६०४ आणि १६०५ मध्ये. फिशमील २३०१ मध्ये. माशाचे तेल १५०४ मध्ये. एमपीईडीएचा (सागरी उत्पादनांच्या निर्यातीसाठीची केंद्राची संस्था) ‘सागरी उत्पादने’ हा आकडा आणि प्रकरण ०३ ची बेरीज जुळत नाही त्याचे पहिले कारण इथे आहे. कोणते कोड धरले, हे लिहिल्याशिवाय मासळीचा आकडा देणे म्हणजे बांगड्याच्या वाट्यात किती नग ते न सांगता भाव सांगण्यासारखे.

ट्रेडस्टॅटचा दोष: आकडे मागाहून दुरुस्त होतात आणि पानावर ते ठसठशीत दिसत नाही. नोव्हेंबर २०२४ ची सोन्याची आयात आठवा. आधी सुमारे १४.८ अब्ज डॉलर जाहीर झाली, पुढे ती ९.८४ अब्जांवर आणली गेली. एसईझेडची (विशेष आर्थिक क्षेत्रांची) नोंदणी जुन्या प्रणालीतून कस्टम्सच्या आइसगेट या ऑनलाइन प्रणालीवर नेताना माल दोनदा मोजला गेला होता: एकदा मुक्त व्यापार गोदामात आला तेव्हा आणि पुन्हा देशात उतरवला तेव्हा. एका महिन्यात पाच अब्जांची चूक! रुपयाच्या भावापासून मथळ्यांपर्यंत सगळे हलले त्या आकड्याने. एक्सेलच्या पहिल्या ओळीत आकडा उतरवल्याची तारीख लिहून ठेवायची सवय लावा. पाचपैकी चार.

‘निर्यात’ पोर्टल. जून २०२२ मध्ये सुरू झाले. दिसायला देखणे, राज्य आणि जिल्हा दाखवते, उत्तर आणि दक्षिण गोवा वेगळे. सरकारी भाषणांत हाच आकडा येतो. पण राज्याचा आकडा येतो कुठून? शिपिंग बिलातल्या ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ आणि जिल्ह्याच्या रकान्यातून. हे रकाने १५ फेब्रुवारी २०२० पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या राज्यवार आकड्यांशी सरळ तुलना करणे धोक्याचे.

आणि सक्तीचे झाले म्हणजे बरोबर भरले असे नव्हे. माल कुंकळ्ळीचा, निर्यातदार मुंबईचा व्यापारी, कंटेनर न्हावा शेवाहून सुटलेला, बिल भरणाऱ्याने सवयीने महाराष्ट्र टाकले, की तो माल गोव्याच्या खात्यातून गेला. बंदर न्हावा शेवा असणे ही अडचण नाही. पोर्ट कोड आणि राज्य हे वेगळे रकाने आहेत. अडचण आहे ती न पाहता भरण्याची. निर्यातदाराने बिलाचा मसुदा, म्हणजे चेकलिस्ट, आली की एफओबी आणि ड्रॉबॅकवरच (परत मिळणाऱ्या शुल्कावरच) नजर न टाकता राज्य आणि जिल्हाही तपासावा, सीएचएला (बिल भरणाऱ्या कस्टम्स एजंटला) तसे लेखी कळवावे. दोन मिनिटांचे काम. पोर्टलला तीन, आणि त्यातला अर्धा गुण केवळ चेहऱ्याला.

कॉमट्रेड. ताळा करायला याच्यासारखे दुसरे नाही. देशांनी स्वतः दिलेले आकडे एका साच्यात बसवून ठेवलेले असतात: कोणी नोंदवले, कोणाशी व्यापार, आयात की निर्यात, मूल्य डॉलरमध्ये, निव्वळ वजन किलोत. लॉगिन न करता ५०० ओळी दिसतात, नोंदणी केली की बरेच जास्त उतरवता येते.

खाचखळगे असे. भारताचा कोड इथे ६९९ आहे. इतर ठिकाणी वापरतात तो ३५६ टाकला तर काम अडते. अमेरिकेचा ८४२. वर्गीकरण निवडताना ‘जसे नोंदवले तसे’ घेतले तर वर्षागणिक कोड बदलतात. दहा वर्षांची मालिका हवी असेल तर जुनी आवृत्ती, उदाहरणार्थ एचएस २०१२, निवडा म्हणजे नवे आकडे तिच्यात बसवून मिळतात. हे बसवणे अंदाजाचे असते, म्हणून बारीक कोडवर फार विसंबू नका. निर्यात सामान्यतः एफओबी, आयात सीआयएफ. पण कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया आयातही एफओबीने नोंदतात. अमेरिकेचे जनगणना खाते आयातीच्या दोन्ही किमती छापते. आपल्या औषध निर्यातीचा ताळा त्यांच्या ‘कस्टम्स व्हॅल्यू’शी करायचा, सीआयएफशी नव्हे.

देश कोणता धरला, यातच निम्मी तफावत असते. गोव्यातून गोठवलेली माणकी (स्क्विड) नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला उतरली आणि तिथून ट्रकने स्पेनला गेली. शिपिंग बिलावर नेदरलँड्स लिहिले असेल तर भारताची निर्यात नेदरलँड्सला. युरोपीय संघात जिथे माल मुक्त झाला तिथे तो बाहेरून आलेला धरतात, पुढचा प्रवास संघांतर्गत व्यापार. स्पेनमधला ग्राहक रोज भारतीय माणकी खातो आणि तक्त्यात भारत-स्पेन रकाना रोडावलेला. औषधांचे पुन्हा वेगळे. युरोपातल्या गोदामातून अमेरिकेला गेलेल्या गोळ्या अमेरिका मूळ देशावरून भारताच्या नावे लिहिते, आपण मात्र त्या युरोपच्या नावे लिहून मोकळे झालेलो असतो. पाचपैकी साडेचार; अर्धा गुण कापला तो पहिल्यांदा येणाऱ्याला गोंधळवणाऱ्या पडद्यांसाठी.

ट्रेड मॅप. बाजार शोधायला सर्वांत सोपा. सहा आकडी कोड टाका, कोणता देश किती घेतो, कोणाकडून घेतो, वाढ किती, सगळे एका पानावर. आकडे हजार डॉलरमध्ये, ट्रेडस्टॅटचे मिलियनमध्ये, म्हणजे मध्ये तीन शून्ये. बराचसा कच्चा माल कॉमट्रेडचाच असल्याने या दोहोंचा एकमेकांशी ताळा करून काही सिद्ध होत नाही.

खरा सापळा आरशाच्या आकड्यांचा. एखाद्या देशाने स्वतःचा आकडा दिलाच नसेल तर त्याच्या ग्राहक देशांच्या आयातीवरून त्याची निर्यात काढून दाखवतात. काजू बी पुरवणाऱ्या काही आफ्रिकी देशांच्या बाबतीत हे चालते. समजा बेनिनची भारताला निर्यात आरशातून आली आहे आणि तुम्ही तिचा ताळा भारताच्या बेनिनहून आयातीशी करता. आकडे सुरेख जुळतात, कारण दोन्हीकडे भारताचाच आकडा आहे. ‘मिरर’ ही खूण तक्त्यात शोधा, मगच ताळा करा. खऱ्या आकड्यांत पश्चिम आफ्रिकेचा काजू क्वचितच जुळतो: बी सीमा ओलांडून शेजारच्या देशाच्या बंदरातून चढते, बिल सिंगापूर किंवा दुबईच्या व्यापाऱ्याचे असते, आणि बिल ऑफ एंट्रीत मूळ देश व पाठवणारा देश असे दोन रकाने असतात. कोणी कोणता रकाना मोजला, त्यावर सगळे अवलंबून. ट्रेड मॅपला चार.

रिझर्व्ह बँकेचा तिमाही आकडा इथे मुद्दाम तपासला नाही. तिथला प्रश्नच निराळा: मालाची मालकी देशी हातातून परदेशी हातात गेली का? गोव्यातल्या व्यापाऱ्याने व्हिएतनामचा काजूगर घेऊन थेट अमेरिकेत विकला, माल भारतात उतरलाच नाही, तर कस्टम्सच्या आकड्यात तो शून्य आणि रिझर्व्ह बँकेच्या हिशेबात आहे.

शेवटी, ईमेलवर येणाऱ्या ‘कोणाची शिपमेंट, कोणत्या भावाने’ अशा विकतच्या याद्यांबद्दल. २०२२ च्या वित्त कायद्याने कस्टम्स कायद्यात कलम १३५एए घातले. निर्यातदार-आयातदाराने कस्टम्सला दिलेली किंमत किंवा प्रमाणाची माहिती कायद्याने परवानगी नसताना प्रसिद्ध करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा अशी यादी विकणाऱ्याला आधी विचारा, आकडे आले कुठून. बंदरनिहाय, आठ आकडी तपशील खरोखर हवा असेल तर डीजीसीआयएसकडे पैसे भरून मागता येतो. मागणीत कोड, बंदर, महिने, आयात की निर्यात, आणि प्रमाणाचे एकक नेमके लिहा. एकक लिहायचे राहिले तर खनिज टनांत आणि काजू किलोत येईल, आणि दोन्ही एका रकान्यात बेरजेला बसतील.